मोठ्या गाडीत सगळं ऐकू येतंय

...न्हाय न्हाय, गाडीची तक्रार न्हाय, गाडी चांगलीच हाय, पण तुम्हाला सांगतो, एवढी मोठी गाडी घेताना माणसाच्या पदरात काय काय पडणार हाय हे दुकानातला माणूस पुरतं सांगतच न्हाय! निम्मं सांगतोय. सीट सांगतोय, काच सांगतोय, छत कसं उघडतंय ते सांगतोय, दार नुसतं टेकवलं की आपसूक आत ओढून घेतंय ते दहादा करून दाखवतोय, आणि उरलेलं निम्मं माणसानं गाडी घरी आणून, हार घालून, पेढे वाटून झाल्यावर आपलं आपण एकेक करून शोधून काढायचं. बाबासो नेज्यांचं तसंच झालं की.

बाबासो नेजे म्हणजे कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांचा प्रेसचा कारखाना हाय ते. पत्रा ठेवायचा, वरनं प्रेस आपटायचा, धाड. पत्रा ठेवायचा, धाड. तीस-बत्तीस वर्षं माणूस त्या धाडधाडीत उभा राहिलेला, त्यामुळं बोलणं कसं झालेलं, तर ‘बरं हाय का?’ एवढं जरी विचारलं तरी समोरच्याला वाटावं भांडायलाच आलाय. मनात काय नसतंय. नुसता आवाज. आणि वापरायला एकोणीस वर्षांची डिझेल जीप, ती चालू झाली की कारखाना बरोबर घेऊनच निघाल्यागत वाटायचं. शेवटी कंबर धरली. डॉक्टर म्हणाले, जीप तरी बदला न्हायतर कंबर तरी, आणि कंबर मिळत न्हाय. मग लेक श्रेयस मागं लागला, की पप्पा, घ्यायची तर आता मोठीच घ्यायची.

शोरूममध्ये केतन म्हणून पोरगा हुता, गळ्यात टाय, तोंडात साखर. ‘काका, ही सीट तुमची पाठ ओळखती. काका, ही काच डबल हाय.’ बाबासो नुसते हूं हूं करत हुते. मग केतन म्हणाला, ‘काका, आता एकच करा, आत बसा आणि डोळं मिटा.’ आणि दार लावलं. बाहेर हायवे, ऊस भरलेले ट्रॅक्टर, ट्रेलर, हॉर्न... सगळं गेलं. म्हणजे दिसत हुतं, पण पाण्याखालनं गेल्यागत. बाबासोंना वाटलं, इतकी वर्षं कुणीतरी आपल्या कानाशी उभं राहून ओरडत हुतं, आणि आत्ता उठून गेलं. डोळं मिटून किती वेळ बसले त्यांचं त्यांना कळलं न्हाय. लोक म्हणतात कमरेपायी घेतली, कुणी म्हणतं पोराच्या हट्टापायी. न्हाय ओ. त्या शांततेपायी घेतली. पण हे मोठ्या आवाजात कसं सांगणार, आणि हळू आवाज तर त्यांच्याकडं नव्हताच.

रत्नाबाईंनी, म्हणजे बायकोनं, एकच विचारलं, की ह्यात मांडी घालून बसता येईल का? केतनला आजवर असं कुणी विचारलं नसावं. तो म्हणाला, येईल की काकी. त्या लगेच बसल्या, इकडं तिकडं हलून बघितलं आणि म्हणाल्या, ‘बरी हाय.’ झाली खरेदी.

आता गाडी आल्यावर काय काय मिळतंय बघा. लक्ष्मीपुरीच्या मंडईत रत्नाबाई गाडीतनं उतरल्या की मेथीची पेंडी महाग व्हायला लागली. ज्या नातेवाईकांनी दहा वर्षांत हाक मारली नव्हती त्यांच्या लग्नपत्रिका दोन दोन माणसं हातानं द्यायला यायला लागली, आणि जाताना हळूच म्हणायची, वरातीला गाडी मिळंल न्हवं? बाबासोंना दुपारच्याला गाडी चालवताना जरा डुलकी यायला लागली की पुढं काचेखाली कपाचं चित्र उमटायचं, म्हणजे थांबा आणि चहा घ्या. रत्नाबाई म्हणाल्या, हिला बरं कळतंय तुमास्नी झोप आल्याली, मला कळून काय उपयोग व्हत न्हवता. पण हे सगळं चालतंय. गाडीची तक्रार न्हाय. खरी गंमत झाली ती सांगलीच्या वाटेवर.

नेज्यांची लेक भाग्यश्री सांगलीला दिलीय. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दोघं नवरा-बायको तिच्याकडं जाणार, हा वर्षानुवर्षाचा नेम. आजवर जात हुते जीपनं. आणि जीपमध्ये बोलणं म्हणजे काय, ओरडणं! आता मला सांगा, ओरडून सांगण्याजोगं संसारात असतंय किती? ‘ब्रेक दाबा.’ ‘म्हस हाय.’ ‘पिशवी घेतली का?’ संपलं. बाकीचं रत्नाबाई आपल्या नेहमीच्या आवाजात बोलायच्या, बाबासो म्हणायचे ‘आँ?’, आणि त्या म्हणायच्या ‘काय न्हाय.’ लग्नाला एकतीस वर्षं झाली, आधी फटफटीवर आणि मग जीपमध्ये, तेच. आँ, काय न्हाय. आँ, काय न्हाय. बाबासोंची पक्की समजूत झालेली, की आपली बायको कमी बोलणारी हाय. चारचौघांत कौतुकानं सांगायचे.

तर नवी गाडी घेऊन पहिल्यांदा सांगलीला निघाले. पंचगंगेचा पूल गेला, शिरोली गेली, बाबासो त्या शांततेत अगदी सुखात, आणि शेजारनं आवाज आला. ‘ह्या घराला रंग दिला वाटतं. मागच्या खेपंला निळं हुतं.’ बाबासोंनी मान वळवून बघितलं. रत्नाबाई मांडी घालून, काचेतनं बाहेर बघत, आपल्याशीच बोलत हुत्या. ऊस औंदा बुटका हाय म्हणाल्या. भाग्यश्रीच्या सासूला तिखट झेपत न्हाय म्हणून चटणीचे दोन वेगवेगळे डबे केलेत म्हणाल्या. इथं एक बाई आंबे घेऊन बसायची ती आता दिसत न्हाय, बरी असंल न्हवं, म्हणाल्या. थांबेनातच! बाबासोंना आधी हसू आलं, मग मजा वाटायला लागली, मग त्यांच्या ध्यानात आलं की हे आजचं न्हाय. ही बाई एकतीस वर्षं ह्या रस्त्यावर अशीच बोलत आली असणार, आणि आपण इंजिन ऐकत बसलो.

आणि हेर्ल्याच्या अलीकडं रत्नाबाई म्हणाल्या, ‘सासूबाई जाताना माझा हात धरून म्हणाल्या, बाबूला जरा हळू बोलायला शिकीव. मी म्हणलं, आई, तेवढं सोडून काय बी सांगा.’

बाबासोंनी गाडी हळू केली. आईला जाऊन नऊ वर्षं झाली हुती. आईचं शेवटचं बोलणं काय, हे त्यांनी बहिणींना विचारलं हुतं, डॉक्टरला विचारलं हुतं, आणि ते तर बायकोपाशी हुतं.

‘हे मला कधी सांगितलं न्हाईस ते?’

‘दर खेपंला हितंच सांगतो की,’ रत्नाबाई म्हणाल्या. आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, मी सांगतो, मी जातो. ‘हेर्लं त्यांचं माहेर, आलं की आठवण येती.’

हातकणंगले येईस्तोवर बाबासोंनी गाडी तशीच हळू ठेवली. तमदलग्याची खिंड गेली, निमशिरगाव गेलं, आणि जयसिंगपूर जवळ यायला लागलं तशी त्यांनी गाडी जोरात घेतली. कारण जयसिंगपूर हे रत्नाबाईंचं माहेर. आणि त्या माहेराशी अकरा वर्षं बोलणं बंद.

का बंद, तर ऐका. रत्नाबाईंचे थोरले भाऊ, त्यांना सगळे आण्णाच म्हणतात, त्यांच्या लेकीचं, प्रियदर्शनीचं लग्न हुतं. मानाच्या माणसांना गुलाबी फेटे, बाकीच्यांना केशरी. फेटे बांधणाऱ्यानं बाबासोंना बांधला केशरी. सख्खा जावई, घरचा दाजी, आणि केशरी! बाबासो काही बोलले न्हाईत. एवढा मोठ्या आवाजाचा माणूस, पण जिथं बोलायचं तिथं गप. पंगतीला बसले, दोन घास खाल्ले, आणि ताटावरनं उठून जीप काढून थेट कोल्हापूर. तिथनं पुढं जाणं-येणं बंद. रत्नाबाईंची आई वारली तेव्हा दोघं गेले, आणि पाणी न पिता परत आले. फेट्यापायी! पण माणसाला अपमान केवढा वाटतो हे फेट्याच्या लांबीवर असतंय थोडंच?

तर गाडी जयसिंगपुरात शिरली. आता तिथल्या गल्ल्यांना नंबर हायत, पहिली गल्ली, दुसरी गल्ली अशा. रत्नाबाई एकेक गल्ली बघत हुत्या, आणि त्याच हळू आवाजात म्हणाल्या, ‘सातवी गल्ली आली. आण्णा दारात खुर्ची टाकून बसला असंल आता.’

आणि बाबासो म्हणाले, ‘आँ?’

सवयीनं म्हणाले का मुद्दाम, ते त्यांचं त्यांनाही सांगता येत न्हाय. पण रत्नाबाईंनी ह्या वेळी ‘काय न्हाय’ म्हटलं न्हाय. त्यांनी नवऱ्याकडं नीट बघितलं.

‘आता आँ म्हणू नका,’ त्या म्हणाल्या. ‘ह्या गाडीत ऐकू येतंय.’

बस्स. ना आवाज चढवला, ना डोळ्यांत पाणी. आणि सातवी गल्ली मागं गेली, उदगाव गेलं, अंकलीचा पूल गेला, सांगली आली, तोवर गाडीत एक शब्द न्हाय. शांतता दोन तऱ्हेची असती हे काय केतननं सांगितलं नव्हतं. बाबासोंच्या मनात एकच चाललेलं, की अकरा वर्षं, दर महिन्याला, जाताना एकदा आणि येताना एकदा, ही बाई ह्या कोपऱ्यावर हेच बोलत आली असणार. आणि आपल्याला खरंच ऐकू येत नव्हतं का? एकदाही? जीपच्या आवाजात काही शब्द तरी कानावर पडले असतीलच की! मग ‘आँ’ कशाला म्हणत हुतो? हे असलं सगळं ह्या गाडीत बसलं की डोक्यात येतंय, तुम्हाला सांगतो. जीपमध्ये कधी येत न्हवतं. पण गाडीची तक्रार न्हाय.

येताना त्यांनी गाणी लावली. अठरा ठिकाणांहून आवाज येतो म्हणे. रत्नाबाईंनी सातव्या गल्लीपाशी तोंड उघडलं न्हाय, नुसतं बाहेर बघितलं, आणि अठरा ठिकाणांहून येणारं गाणं बाबासोंना ऐकूच आलं न्हाय.

मग पुढच्या महिन्यात ह्या गृहस्थानं काय करावं? कारखान्यात ठेवलेली जीप बाहेर काढली! रत्नाबाईंना सांगितलं, नव्या गाडीचं काहीतरी काम निघालंय. श्रेयस म्हणाला, पप्पा, कसलं काम? त्याला म्हणाले, गप. निघाले जीपनं. कंबर ओरडत हुती, इंजिन ओरडत हुतं, बाबासोंना वाटलं आता सगळं पहिल्यासारखं होईल. शिरोली गेली. रत्नाबाई गप. हेर्लं आलं, त्यांनी कान टवकारला, रत्नाबाई गप. हातकणंगल्याला बाबासोंना वाटलं काहीतरी बोलली. म्हणाले, ‘आँ?’ तिनं मान हलवली, बोललो न्हाई म्हणून. जयसिंगपूर आलं, सातवी गल्ली आली, बाबासो पुन्हा म्हणाले, ‘आँ?’ आणि रत्नाबाई काही बोललेल्याच नव्हत्या. त्या पुढं रस्त्याकडं बघत बसल्या हुत्या. एकदा ऐकणारं माणूस मिळाल्यावर पुन्हा इंजिनाला कोण सांगत बसणार?

बाबासोंनी मला सांगितलं, की तेव्हा त्यांना पहिल्यांदा भीती वाटली. बायको रागावली तर माणूस समजूत काढतोय. बायकोनं सांगायचंच बंद केलं तर काय काढणार?

तिसऱ्या महिन्यात त्यांनी आपणहून मोठी गाडी धुवून घेतली, रत्नाबाईंना बसवलं, आणि निघाले. जयसिंगपुरात पाचवी गल्ली गेली, सहावी गेली, आणि बाबासोंनी डावीकडचा दिवा लावला. टिक टिक टिक. त्या गाडीत तो पण ऐकू येतोय. रत्नाबाईंनी मांडी मोडली आणि पाय खाली सोडले. बस, तेवढंच.

आता तुम्हाला वाटंल, गेले, भेटले, संपलं. एवढी मोठी गाडी हाय, इतकं सोपं कसं असंल! गल्लीत दोन्ही बाजूला मोटारसायकली, एक टेम्पो, मध्ये कुणाचं तरी वाळवण. गाडी लावायला जागा बघत आण्णाच्या दारावरनं जरा पुढं गेले, आणि गाडी अडकली. मागं घ्यावी तर मागं दुधाची गाडी येऊन थांबली. गाडीच्या आत सगळीकडनं कुईं कुईं सुरू, इकडं लागंल, तिकडं लागंल. घाम फुटला बाबासोंना. अपमान विसरायला निघालेला माणूस, आणि सासुरवाडीच्या तोंडावरच गल्लीभर लोक गोळा!

तेवढ्यात एक म्हातारा काठी टेकत पुढं आला. मोटारसायकली सरकवायला लावल्या, वाळवण उचलायला लावलं, दूधवाल्याला मागं घालवलं, आणि गाडीच्या मागं जाऊन उभा राहिला. पुढच्या पडद्यावर मागचं सगळं दिसतंय न्हवं, तिथं हे एवढं मोठं तोंड दिसलं. आण्णा. पिकलेल्या मिशा, गालाची हाडं वर आलेली, अकरा वर्षांत दुप्पट म्हातारा झालेला. काचेवर ऊन हुतं, आत कोण हाय हे त्याला दिसत न्हवतं. बाबासोंनी शेजारची काच खाली घेतली, तर तो आपला हात हलवत हुता, ‘येऊ द्या पावणं, येऊ द्या, अजून येऊ द्या... उजवीकडं मोडा... येऊ द्या... बास.’

अकरा वर्षांनी दोघांत झालेलं पहिलं बोलणं ते. बाबासो मुकाट ऐकत गेले. तो म्हणाला येऊ द्या, की येऊ दिलं. म्हणाला बास, की थांबले. गाडी बरोबर आण्णाच्या दाराला लागली. रत्नाबाई कधी उतरल्या ते कळलंच न्हाय. बाबासोंनी बघितलं तर त्या आण्णाच्या दोन्ही दंडांना धरून उभ्या, आणि आण्णा कधी बहिणीकडं, कधी गाडीकडं बघतोय.

मग काच वर करून बाबासो उतरले. फेट्याचं काय बोलायचं ते घरनं ठरवून आले हुते. आण्णा काठीवर जोर देऊन गाडीभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, ‘दाजी, बसून बघू काय?’

दोघं बसले. दार आण्णानं नुसतं टेकवलं, ते आपसूक लागलं, आणि बाहेरचा सगळा आवाज गेला. बाहेर रत्नाबाई आणि आण्णाची बायको शालूबाई काचेला नाक लावून उभ्या. आतलं त्यांना काही ऐकू येत न्हवतं, नुसती तोंडं हलताना दिसायची. आणि आत? आत दोन म्हातारे, कुणी आधी बोलायचं ह्याची वाट बघत. शेवटी बाबासोंनी ते फेट्याचं काढलं. आणि जन्मात पहिल्यांदा, तुम्हाला सांगतो, हळू आवाजात बोलले.

आण्णा म्हणाला, ‘फेटा? कसला फेटा?’ त्याला काही ठाऊकच न्हवतं! त्याला अकरा वर्षं वाटत हुतं की दाजी भाजी खारट झाली म्हणून उठले. त्यानं त्याच दिवशी आचाऱ्याला चारचौघांत बोलून घेतलं, आणि पुन्हा कधी दारात उभं केलं न्हाय. उदगावचा आचारी, चांगला हाताचा माणूस, बिचाऱ्याला आजवर कळलं न्हाय मीठ कधी जास्त पडलं ते. ‘मी दोनदा कोल्हापूरला यायला निघालो,’ आण्णा म्हणाला. ‘पण भाजीपायी माफी मागायची म्हणजे काय म्हणायचं, ते सुचंना. स्टँडवरनं परत आलो.’

बाबासोंना वाटत हुतं सगळं जयसिंगपूर अकरा वर्षं आपल्या केशरी फेट्याबद्दल बोलतंय. कुणाच्या लक्षातसुद्धा न्हवतं. हसावं का रडावं? दोघं हसले, आणि मग आण्णानं खिशातनं रुमाल काढला. बाहेरनं शालूबाईंना वाटलं भांडण लागलं. त्यांनी काचेवर थापा मारल्या. आपल्याच नादात दोघांना त्या पण ऐकू आल्या न्हाईत.

त्या दिवशी, जैनाच्या रीतीप्रमाणं, सूर्य मावळायच्या आत सगळे आण्णाकडंच जेवले. सांगलीला भाग्यश्रीला फोन केला, की आज येत न्हाय. आणि पुढच्या रविवारी उदगावच्या आचाऱ्याकडं दोघांनी मिळून जायचं ठरलं, आणि खरंच गेले, ती एक वेगळीच गोष्ट हाय, तो आधी दार उघडायला तयार नव्हता.

आता सगळं चांगलं झालं म्हणायचं. झालंच. पण आता दर रविवारी सकाळी आण्णाचा फोन येतोय, की दाजी, गाडी हाय न्हवं? रत्नाबाई पुढं बसत न्हाईत. भावाशेजारी मागं बसतात, दोघं मांडी घालून, आणि अकरा वर्षांचं साठलेलं बोलणं चालू. बाबासो पुढं एकटे. ऐकत असतात, कारण न ऐकण्याची सोय आता कुठं हाय?

गेल्या रविवारी कुंभोजच्या बाहुबलीला गेलते. बहीण-भाऊ दर्शनाला वर गेले, बाबासो गाडी लावत हुते, अंगात साधा शर्ट, खांद्यावर टॉवेल. तिथल्या माणसानं हातानं दाखवलं, की ड्रायव्हर लोकांनी तिकडं झाडाखाली बसायचं. बाबासोंनी त्याला काही सांगितलं न्हाय. जाऊन बसले झाडाखाली. शेजारी इचलकरंजीच्या कुठल्याशा शेठचा खराखुरा ड्रायव्हर बसलेला. त्यानं गाडीकडं बघितलं, बाबासोंकडं बघितलं, तंबाखू मळत विचारलं, ‘मालक कसा हाय ओ तुमचा?’

बाबासोंनी टॉवेलनं तोंड पुसलं.

‘माणूस वाईट न्हाय,’ ते म्हणाले. ‘कानानं जरा कमी हुता. आता ऐकायला येतंय, त्यामुळं रविवारची सुट्टी तेवढी गेली.’